आगगाडी सर्वांची, वाढदिवस एकाचा?

मुंबईपासून वापीपर्यंतच्या पट्ट्यात चार-पाच वर्षांच्या मुलांचे वाढदिवस हल्ली ‘थीम’वर साजरे होतात आणि त्यांत आगगाडीची थीम विशेष लोकप्रिय आहे. तिकिटाच्या आकाराची निमंत्रणपत्रिका, बोगदा म्हणून फुग्यांची कमान, केकवर निळ्या अंगाचे हसरे इंजिन आणि त्या इंजिनावर ठळक अक्षरांत एकाच मुलाचे नाव. हे सारे तयार संचात मिळते. संचात ताटल्या वीस असतील, तर पाहुणेही वीसच. एकविसावे मूल कोण, हे संच ठरवतो. डहाणू-तलासरीच्या बाजारपेठांतही हे लोण आता येऊ लागले आहे.

आमचा आक्षेप आगगाडीला नाही, वाढदिवसाला तर नाहीच. एका सार्वजनिक वाहनाचे खासगी वाहन करून ते मुलाच्या हाती दिले जाते, याला आमचा आक्षेप आहे. ‘हा काय साहित्याचा प्रश्न आहे?’ असे विचारणाऱ्या सहकाऱ्यांशी तर आमचे भांडण अधिक आहे. मूल ज्या प्रतिमांत वाढते, त्याच प्रतिमांच्या आधारे ते पुढे वाचते. गदिमांचे आगीनगाडीचे गाणे पाठ असलेल्या पिढीने तरी हे विसरू नये.

आगगाडीचा स्वतःचाही एक वाढदिवस आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली, तेव्हा तिच्या १४ डब्यांत सुमारे ४०० निमंत्रित बसले होते. तो समारंभ होता. निमंत्रण संपले आणि तिकीट काढणारा कोणीही डब्यात चढू लागला, तेव्हा ती खऱ्या अर्थाने आगगाडी झाली. शिवाशिव मानणाऱ्या समाजाला तिने एका बाकावर बसवले. आपण मात्र तिला पुन्हा निमंत्रितांच्या समारंभाकडे ढकलत आहोत.

या पट्ट्यात राहून हे लिहिताना १९४५ हे वर्ष आम्हाला टाळता येत नाही. त्या वर्षाच्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये रेव्हरंड ऑड्री यांचे ‘द थ्री रेल्वे इंजिन्स’ हे पुस्तक निघाले. आजच्या केकवरचा थॉमस याच मालिकेतला. गोवराने अंथरुणात पडलेल्या मुलाला बापाने सांगितलेल्या गोष्टींतून ती मालिका जन्मली आणि त्या मुलासाठी बापाने लाकडाच्या तुकड्यांतून इंजिन घडवले होते. थॉमसच्या मुळाशी दुकान नाही, बापाचा वेळ आहे.

त्याच मे महिन्यात झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठ नाकारून दिवसाला बारा आणे मजुरी मागू लागले. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आपण वर्गात शिकवतो ते याच लढ्याविषयी. आणि त्याच वर्षी जवळच्या बोर्डीत ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. महागडी मॉंटेसरी साधने खेड्याला परवडत नाहीत, हे ओळखून त्यांनी आणि अनुताई वाघांनी शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने केली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कोसबाडला कुरणशाळा काढली. शिक्षणाच्या गाडीत कोणी मागे राहू नये म्हणून जिथे स्थानकच मुलांपाशी नेले गेले, तिथे आपण वीस ताटल्यांचा संच मागवतो!

यावर एक गंभीर प्रतिवाद होईल : तुम्ही गरिबीचे कौतुक करता, झरीच्या मुलाला चकचकीत इंजिन का मिळू नये? अवश्य मिळावे. पण त्या मुलाच्या वाट्याला खरी गाडी कशी येते, तेही पाहा. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटरच्या आखणीत स्थानके १२. बोईसर सोडले की पुढचे स्थानक थेट वापी. मार्ग डहाणू आणि तलासरी तालुक्यांतून जाणार, तिथे थांबणार नाही. जमीन यांची आणि प्रवास दुसऱ्यांचा! मोठ्यांच्या जगात जे घडते त्याचीच रंगीत तालीम वाढदिवसाच्या अंगणात का व्हावी? फाटकाबाहेर उभे राहून दुसऱ्याची गाडी पाहण्याचा सराव या मुलांना पुरेसा आहे.

मग करावे काय? आगगाडीचाच वाढदिवस करावा. पुढच्याचा सदरा धरला की डबा जोडला जातो. या खेळाला संच लागत नाही आणि शेवटचा डबा कधीच शेवटचा नसतो. तारपा वाजवणाऱ्यामागे कमरेला हात घालून वळत जाणारी नाचाची साखळी या मुलांनी जन्मापासून पाहिली आहे; इंजिन आणि डबे यांचे नाते त्यांना शिकवावे लागत नाही. खोक्यांवर स्थानके लिहावीत : वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड, घोलवड. ही यादी मोठ्याने म्हटली की तिला आपोआप ताल येतो. त्यापुढे नकाशात नसलेले एक स्थानक जोडावे, झरी. तिकिटे मुलांनीच करावीत, त्यांवर वारली बोलीतला एखादा शब्द असावा. इंजिनावर नाव मात्र कोणाचेच नको. ज्याचा वाढदिवस, त्याने गार्ड व्हावे. सगळे चढले याची खात्री करून मगच शिटी वाजवावी.

आपल्या खेड्यांतल्या कित्येकांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे. गुरुजींनी ती सोयीसाठी लिहिली आणि आपण तिला हसत आलो. आम्हाला आता त्या तारखेत आगगाडीची बीजे दिसतात. एकाच तारखेच्या डब्यात बसलेले शेकडो वाढदिवस, आणि त्यांत कोणीही एकविसावा नाही.