ताप लपवून कामावर यायला लावणारी व्यवस्था

झाशी शहरातील नगरा ही रेल्वे कामगारांची जुनी वस्ती. १८९५ साली उभी राहिलेली झाशीची कार्यशाळा पुढे जी. आय. पी. रेल्वेकडे, त्यानंतर मध्य रेल्वेकडे आणि २००३ पासून उत्तर मध्य रेल्वेकडे आली. झाशीशी मराठी माणसाचे नाते संस्थानकाळापासूनचे. रेल्वेने ते मुंबईच्या कामगारवर्गाशीही जोडले. मालवाहू डब्यांची दुरुस्ती हे या कार्यशाळेचे मुख्य काम, आणि ते एकट्याच्या हातून होणारे नव्हे. जड लोखंडी भाग उचलताना, सांधताना, बसविताना दोघातिघांना खांद्याला खांदा भिडवूनच उभे राहावे लागते. २०२० साली सरकारने ‘६ फुटांचे अंतर राखा’ असा उपदेश केला, तेव्हा तो पाळावयाचा कसा हे मात्र अशा कामगारांना कोणी सांगितले नाही.

या उपदेशाची किंमत किती पडली हे रेल्वेनेच सांगितले आहे. १० मे २०२१ रोजी रेल्वे मंडळाच्या अध्यक्षांनी जाहीर केले की, तोपर्यंत कोविडने १,९५२ रेल्वे कर्मचारी दगावले होते व रोज सुमारे १,००० नव्याने बाधित होत होते. गाड्या चालू ठेवणाऱ्या, रूळ सांभाळणाऱ्या आणि डबे दुरुस्त करणाऱ्या माणसांचा हा हिशेब आहे. त्यांच्यावर फुले उधळून तो चुकता होत नाही.

साथ ऐन भरात असताना सत्ताधाऱ्यांची चिंता कोणती होती, हे उत्तर प्रदेशात उघड झाले. मे २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बहुतेक कामगार कायदे ३ वर्षे स्थगित ठेवणारा अध्यादेश मंजूर केला. ८ मे रोजी कामाचा दिवस १२ तासांचा करणारी अधिसूचना निघाली. वाढीव तासांना दुप्पट वेतनही नव्हते. अलाहाबाद उच्च न्यायालयात आव्हान मिळताच आठवड्याभरात ती मागे घ्यावी लागली. गुजरातच्या तशाच अधिसूचना १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविल्या. बंद हवेच्या शेडमध्ये ८ तासांऐवजी १२ तास काढावयाचे म्हणजे संसर्गाला दीडपट वेळ देणे. एवढे साधे गणित राज्यकर्त्यांना कळत नव्हते असे मानण्याचे कारण नाही. नफ्याच्या वहीत ते मांडावे लागत नाही, इतकेच.

त्याच महिन्यात महाराष्ट्रातून परतणाऱ्या हजारो मजुरांचे लोंढे झाशीजवळच्या रक्सा नाक्यावर अडविले गेले. २७ मे रोजी झाशीच्या यार्डात श्रमिक विशेष गाडीचा डबा निर्जंतुक करताना रेल्वे कर्मचाऱ्यांना शौचालयात एका मजुराचा मृतदेह आढळला. मुंबईतून निघालेला हा मजूर चार दिवसांपूर्वी झाशीहूनच त्या गाडीत चढला होता. घरी पोहोचण्याऐवजी त्याचा देह त्याच गाडीने परत आला, आणि तो सापडला तोही दुसऱ्या कामगारांच्या हाती.

कारखाने पुन्हा सुरू झाले तेव्हा संरक्षण म्हणून दारात ताप मोजण्याचे यंत्र आले. परंतु हा रोग ताप येण्याआधीच फैलावतो आणि अनेकांना ताप येतच नाही. ज्याला येतो, त्याच्यापुढे प्रश्न वेगळाच असतो. घरी राहिले तर रोज बुडतो, कंत्राटदार दुसरा माणूस उभा करतो. मग तो तापाची गोळी घेऊन यंत्रापुढे उभा राहतो. दोष त्याचा नव्हे. १९४८ च्या राज्य विमा कायद्याने आजारपणात ९१ दिवसांपर्यंत सुमारे ७० टक्के वेतनाची सोय केली. मात्र आजाराचे पहिले २ दिवस तिच्यातून वगळले. संसर्ग सर्वाधिक पसरतो तो नेमका याच सुरुवातीच्या दिवसांत! रेल्वेच्या कार्यशाळांतून कायम कामगारांच्या बरोबरीने कंत्राटी कामगारही राबतात. एकाला पगारी रजा आहे, दुसऱ्याला नाही, आणि दोघे एकच हवा श्वासात घेतात. कंत्राटी कामगाराची रजा हा म्हणूनच कायम कामगाराच्याही जिवाचा प्रश्न आहे. संघटनांनी तो ‘त्यांचा’ प्रश्न मानणे आत्मघातकी ठरेल.

हवेचा प्रश्नही नवा नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने नव्या कारखान्यात दर कामगारामागे किमान १४.२ घनमीटर जागा ठरविली, तीही ४.२ मीटरपेक्षा उंच भागाचा हिशेब न धरता. वायुवीजनाचे वेगळे कलम घातले. भोपाळनंतर १९८७ साली धोकादायक कारखान्यांत कामगारांच्या समान प्रतिनिधित्वाच्या सुरक्षा समित्या आणि धोक्याची सूचना देण्याचा कामगाराचा हक्क आला. कागदावरचे हे हक्क निरीक्षकाच्या अभावी बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिले. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेने यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्याच १० कामगारांवरून २० वर नेली आहे. भिंती अधिक अरुंद आणि खिडक्या कमी असलेल्या लहान शेडना सूट मिळाली!

संघटित दबावाने काय साधते याचे उदाहरण मुंबईच्या गिरण्यांत आहे. १८९६-९७ च्या प्लेगमध्ये कामगार गावी निघाले तेव्हा पगार महिना-महिना अडवून ठेवणाऱ्या मालकांना रोजच्या रोज मजुरी चुकती करावी लागली. साथ ओसरताच त्यांनी ती सवलत काढून घेण्याचा घाट घातला, आणि संप झाले. तेव्हा कामगारांची कायम संघटना नव्हती, आज आहे.

नगरा असो वा वाळूज, कामगार संघटनांनी पुढची साथ येण्याची वाट न पाहता या मागण्या वाटाघाटीच्या टेबलावर आणल्या पाहिजेत. साथीच्या रोगात पहिल्या दिवसापासून पूर्ण पगारी रजा, कायम व कंत्राटी असा भेद न करता. शेडच्या हवेची मोजणी कामगार प्रतिनिधींसमक्ष, आणि तिचे आकडे फाटकावर. जेवणाच्या सुट्ट्या व पाळ्यांच्या वेळा अशा, की कॅन्टीनमध्ये दोन पाळ्यांची गर्दी एकत्र होऊ नये. चांगल्या प्रतीचे मुखपट्टे व्यवस्थापनाच्या खर्चाने, घामाने भिजले की बदलून. आणि साथीत काम कोठे थांबवावयाचे हे ठरविणाऱ्या समितीत निम्म्या जागा कामगारांनी निवडून दिलेल्यांच्या, त्यांत किमान एक डबे धुणाऱ्या सफाई कामगारांची.