पर्ल हार्बर : कट नव्हे, गाफीलपणा

‘रूझवेल्टला हल्ला आधीच ठाऊक होता, म्हणून विमानवाहू नौका बंदराबाहेर होत्या’ हा सिद्धान्त आजही ऐटीत मिरवला जातो. वस्तुतः ‘एंटरप्राइझ’ वेक बेटाकडे व ‘लेक्सिंग्टन’ मिडवेकडे विमाने पोहोचवण्यासाठी धाडली होती. ज्यांवर नौदलाची खरी भिस्त होती, त्या आठ बॅटलशिप मात्र बंदरातच उभ्या!

शिवाय युद्धात उतरायला नुसता हल्लाही पुरेसा होता. सावध आरमाराने तो परतवला असता तरी युद्ध अटळच होते. मग 2,403 अमेरिकनांचा बळी कशासाठी?

युद्धाचा इशारा 27 नोव्हेंबर 1941 लाच धाडला गेला होता. 7 डिसेंबरच्या सकाळी 7.02 ला ओपानाच्या रडारवर विमानांचा मोठा थवा उमटला. ‘आपलीच बी-17 असतील’, अशा समजुतीने अधिकाऱ्याने तो विषय तिथेच मिटवला.