खाड्याचे पैसे

काम न करण्याच्या दिवसाला मराठीत तीन शब्द आहेत आणि तिन्हींचा हिशेब वेगळा आहे. सुट्टी सगळ्यांना एकदम मिळते. रजा मागून घ्यावी लागते. खाडा झाला की मजुरी कापली जाते. लेखक-कलावंतांनी अधूनमधून थांबावं, कामापासून दूर जावं, असा उपदेश हल्ली साहित्य महोत्सवांच्या मंचावरून फार होतो. उपदेश करणारे बहुतेक वेळा रजेवर आलेले असतात. समोर बसलेले आम्ही खाडा करून आलेले असतो.

मी जयपूरच्या दक्षिणेला सांगानेरमध्ये राहते, हिंदीतून मराठीत अनुवाद करते आणि शब्दांच्या संख्येवर पैसे घेते. तौलनिक साहित्यात एम. ए. करताना अनुवादाचे सिद्धान्त भरपूर शिकवले गेले. शब्दाचा दर कसा ठरतो, यावर एकही तास झाला नाही. घराच्या मागच्या गल्लीत छीपांची, म्हणजे कापडावर ठसे मारणाऱ्यांची, घरं आणि कारखाने आहेत. नवा लाकडी ठसा आला की दहा-पंधरा दिवस तेलात बुडवून ठेवतात आणि मग कामाला घेतात. बाह्यरेषेचा ठसा ‘रेख’, आतला रंग भरणारा ‘दत्ता’, पार्श्वभूमीचा ‘गद’. छापलेलं कापड उन्हात वाळलं पाहिजे. पावसाळ्यात ते वाळत नाही, म्हणून हाताने छापणाऱ्यांचं काम मंदावतं, कधी आठवडाभर बंदच पडतं.

बाहेरून आलेल्या माणसाला हे दृश्य फार आवडतं. मलाही आवडलं होतं. एका भाषणात मी ते वापरलंसुद्धा: बघा, या कारागिरांना थांबायचं कळतं, आपल्याला कळत नाही. टाळ्या पडल्या. त्यानंतरच्या श्रावणात पाऊस चांगला लागला असताना मी गल्लीतल्या एका ओळखीच्या छीपाजींना विचारलं, या दिवसांत काय करता? ते म्हणाले, ‘बारिश में बैठना हमारा शौक थोड़े ही है, दीदी.’ मालकाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीपर्यंत कामातून फेडायची. मग त्यांनी मला विचारलं, तुम्ही बसता तेव्हा तुम्हाला उचल कोण देतं? ते भाषण मी पुन्हा केलेलं नाही.

थांबणं कामासाठी चांगलं असतं, याबद्दल माझा वाद नाही. ठसा तेलात मुरतो तेव्हाही ते छपाईचंच काम चालू असतं, आणि अनुवादाचा खर्डा पंधरा दिवस बंद ठेवणं हे अनुवादाचंच काम आहे. माझा वाद इतकाच आहे की त्या पंधरा दिवसांचे पैसे कोण देणार, हे न सांगता जो कुणी आम्हाला थांबायला सांगतो, तो आम्हाला उपाशी राहण्याचे फायदे सांगत असतो.

आपल्या साहित्यातल्या मोठ्या थांबण्यांची गोष्ट आपण फार भक्तीने सांगतो. नेमाड्यांची ‘झूल’ 1979 साली आली आणि पुढची कादंबरी ‘हिंदू’ 2010 साली. कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह 1977चा, आणि ‘भिजकी वही’ 2003ची. या दोघांबद्दल मला अपार आदर आहे, पण ती गोष्ट सांगताना पगाराचं वाक्य गाळू नये. नेमाडे विद्यापीठांत शिकवत होते, कोलटकर जाहिरातीच्या व्यवसायात होते. घर कविता-कादंबरीवर चालत नव्हतं, म्हणून कविता-कादंबरीला थांबता आलं. ज्याचं घर शब्दांच्या मोजणीवर चालतं, त्याला ‘संयम ठेव’ म्हणताना जरा जपून म्हणावं.

माझ्यापुरतं सांगते. काही वर्षांपूर्वी एका प्रकाशकाने चारशे पानांची हिंदी कादंबरी तीन महिन्यांत मागितली. मी हो म्हटलं, दोष माझाही. एकही खाडा न करता काम दिलं आणि त्याचा अभिमानही बाळगला. कादंबरीत दोन भावांचा जमिनीचा खटला आहे, आणि शेवटी त्यांच्यात ‘राज़ीनामा’ होतो. हिंदीत राज़ीनामा म्हणजे तडजोड. मी थकलेल्या डोळ्यांनी ‘दोघा भावांनी राजीनामा दिला’ असं लिहून पुढे गेले. संपादनाला वेळ ठेवलेलाच नव्हता, तसंच छापलं गेलं. एका वाचकाने पत्र पाठवून नम्रपणे विचारलं, हे भाऊ तर शेतकरी, मग त्यांनी नोकरी कुठली सोडली? ही चूक अज्ञानाची नव्हती. हिंदी-मराठीचे असे फसवे शब्द मी विद्यार्थ्यांना शिकवते, ‘चेष्टा’ आणि ‘शिक्षा’ तर पहिल्याच तासाला. पंधरा दिवसांनी खर्डा उघडला असता तर ते वाक्य पहिल्या नजरेत टोचलं असतं. त्या पंधरा दिवसांचे पैसे वाचले, आणि त्याची किंमत मूळ लेखकाने, वाचकाने आणि मी अशी तिघांनी मिळून भरली. प्रकाशकाने काही भरली असेल तर मला ठाऊक नाही.

यावर उत्तर मिळतं की आवृत्ती हजार प्रतींची, एवढा खर्च कुठून काढायचा? प्रश्न खरा आहे. पण कागद महागला की तो खर्च कुठून तरी निघतोच. छपाई, बांधणी, वितरकाची टक्केवारी यांना कुणी ‘थोडं प्रेमापोटी करा’ म्हणत नाही. प्रेम फक्त आमच्या रकान्यात मांडलं जातं.

आणि हे एकट्याने सुटणारं नाही. मी महिनाभर थांबले तर काम दुसऱ्या अनुवादकाकडे जाईल. माझा तो खाडाच. नारायण मेघाजी लोखंडे यांना हे आमच्यापेक्षा चांगलं कळलं होतं. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारच्या सुट्टीची मागणी त्यांनी 1884 साली मांडली आणि 10 जून 1890 रोजी ती गिरणीमालकांनी मान्य केली. विश्रांतीने सूत जास्त निघतं की कमी, या वादावर त्यांनी कामगारांना व्याख्यानं देत बसायचं ठरवलं असतं तर रविवार अजून यायचा होता. एका कामगाराने रविवारी घरी बसणं म्हणजे खाडा. सगळ्या गिरण्या बंद राहिल्या की सुट्टी. लोखंडे स्वतः ‘दीनबंधु’ पत्र चालवत. म्हणजे लेखणीचा माणूस गिरणीकामगारांसाठी रविवार मिळवू शकला, आणि आम्ही लेखणीवाले सव्वाशेहून अधिक वर्षांनी ‘मी तर रविवारीसुद्धा काम करतो’ हे कौतुकाने सांगतो.

आमच्यात तसं सांगणारे फार आहेत. रात्री दोनला पाठवलेल्या प्रकरणाचा आम्हाला गर्व वाटतो. घरचे म्हणतात, तुझं काय, घरूनच काम, म्हणजे सुट्टीच. पाहुणे आले की लॅपटॉप मिटायचा तो मीच. तरीही दर वाढवून मागायच्या वेळी आमच्यातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो.

म्हणून मागणी साधी ठेवते. अनुवादाच्या करारात पहिला खर्डा आणि अंतिम प्रत यांच्यात तीस दिवसांचं अंतर लिहिलेलं असावं, आणि मानधनाचा एक हप्ता त्या तीस दिवसांच्या सुरुवातीला मिळावा. तो नंतरच्या कामातून फेडायची उचल नसावी, झालेल्या कामाची मजुरी असावी. चार-पाच अनुवादकांनी एकत्र येऊन हे कलम आपापल्या करारात घालायचं ठरवलं आहे. दोघांनी नंतर कळवलं की या वेळी जमणार नाही. त्यांच्यावर माझा राग नाही, घरभाडं सगळ्यांनाच आहे.

मी माझ्या पुढच्या करारात ते कलम घालून पाठवलं. ‘आपण बोलू’ एवढंच उत्तर आलं, त्याला तीन आठवडे झाले. गल्लीत काल ऊन पडलं होतं, गच्च्यांवर कापड आलं. कादंबरी टेबलावर आहे. पहिलं प्रकरण मी अजून उघडलेलं नाही.