बँडमालकाला कोण शिकवणार?

मी टीम लीड झालो तेव्हा कंपनीने आधी ट्रेनिंगला बसवलं. हाताखाली माणसं चारच. खामगावातला बँडमालक पंधरा-वीस वादक सांभाळतो: सुपारी घेणं, उचल देणं, पावसाळाभर माणसं टिकवणं, सगळं तोंडी. मुंबईत एनसीपीएने २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. तिथे वादकांमागे अख्खी कचेरी आहे. इथे मालकाच्या खिशातली वही हीच कचेरी. २०२० ची लग्नसराई टाळेबंदीत बुडाली, तेव्हा लेखी करार नसलेल्याने इसार कुणाकडे मागायचा? त्याला अडाणी म्हणणं सोपं आहे. करार, हिशेब, विमा शिकवणारा आठवड्याचा वर्ग बुलढाण्यात भरवणंही अवघड नाही. तो भरवा, मग डीजेला शिव्या द्या.