खाटांचं 'प्लेसमेंट'

'प्लेसमेंट' हा शब्द ऐकला की आपल्या कॉलेजात सगळ्यांचे कान टवकारतात. कुठली कंपनी येणार, पॅकेज किती, कटऑफ किती लागणार... पण सरकारी रुग्णालयातही रोज एक प्लेसमेंट चालतं आणि त्याला ना टी.पी.ओ. असतो, ना नोटीस बोर्ड. कुठला पेशंट कुठल्या वॉर्डात, कुठल्या खाटेवर, की दोन खाटांच्या मधल्या फरशीवर, हे तिथे दिवसभर ठरत असतं. कोण ठरवतं? बहुतेक वेळा कोणीच नाही. ते आपोआप 'होतं'. मला राग आहे तो याच गोष्टीचा. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादकांची!)

नांदेडची बातमी आठवते का? ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळं होती. दुसऱ्या दिवशी आकडा ३१ वर गेला. मंजूर खाटा ५०० आणि दाखल पेशंट हजाराच्या वर, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. आसपासच्या ७०-८० किलोमीटरमध्ये असं दुसरं मोठं रुग्णालय नाही, असंही तेव्हा सांगितलं गेलं. हिंगोली, परभणीच नव्हे तर तेलंगणातूनही लोक तिथेच येतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ठाणे महापालिकेच्या कळव्याच्या रुग्णालयात २४ तासांत १८ जण गेले होते. तिथेही खाटा ५०० आणि त्यात ठाण्याचं जिल्हा रुग्णालय नव्या इमारतीसाठी हलवलेलं, म्हणजे त्याचाही भार कळव्यावर.

मग काय झालं? चौकशी समित्या, भेटी, कॅमेरे. नांदेडला तर एका खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं. ते टीव्हीवर छान दिसलं असेल. एक खाट तरी वाढली का त्याने? मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा निदान रिक्त पदांचा तरी प्रश्न निघाला. कारण खाट म्हणजे लोखंडी पलंग नाही. खाट म्हणजे पलंग, त्याच्याजवळची ऑक्सिजनची नळी आणि हाक मारल्यावर येणारी सिस्टर. यातलं शेवटचं नसेल तर तो नुसता पलंग. नेते 'इतक्या खाटांचं रुग्णालय मंजूर' म्हणतात तेव्हा सिस्टर किती मंजूर केल्या हे पत्रकारांनी विचारायला हवं.

पण खाटा आणि माणसं वाढवायला वर्षं लागतात. आहेत त्या खाटांचा हिशोब ठेवायला किती वेळ लागतो?

गेल्या डिसेंबरमध्ये आजोबांचा दमा उसळला म्हणून त्यांना एका जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात नेलं होतं. कॅज्युअल्टीत उपचार चांगले आणि पटकन झाले, हे आधी सांगते. वॉर्डात मात्र जागा नव्हती. फरशीवर गादी, वर सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला. मी मामांबरोबर चहा आणायला निघाले तर व्हरांड्याच्या पलीकडच्या वॉर्डात पाच खाटा रिकाम्या!

"सिस्टर, तिकडे जागा आहे ना?"

"ते दुसरं युनिट आहे बाळा. आज आमचा इमर्जन्सी डे."

तिच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता, रात्री त्या सगळ्या वॉर्डाला ती एकटी होती. तिने आजोबांची गादी तिच्या टेबलाजवळ सरकवून घेतली, म्हणजे लक्ष राहील. शिवाय आमच्या शेजारी खोकणाऱ्या माणसाचा थुंकीचा रिपोर्ट यायचा होता, त्यालाही दाराजवळ हलवलं. प्लेसमेंटचं खरं ज्ञान तिला होतं. अधिकार नव्हता.

हे युनिटचं प्रकरण मी नंतर एका इंटर्नकडून समजून घेतलं. मोठ्या रुग्णालयांत मेडिसिन, सर्जरी अशा विभागांची युनिटं असतात, प्रत्येकाला ठरलेल्या खाटा आणि ठरलेला वार. त्या वारी येणारे सगळे त्याच युनिटचे. शिकवायला आणि जबाबदारी ठरवायला ही पद्धत बरी आहे, त्यामुळे ती मोडा असं मी म्हणत नाही. पण सोमवारचा वॉर्ड ओसंडून वाहतो आणि गुरुवारचा अर्धा रिकामा, हे कुठल्या शास्त्रात बसतं? बँकेत टोकन यायच्या आधी प्रत्येक खिडकीला वेगळी रांग असायची. आपण नेमके रडक्या खिडकीला उभे राहायचो आणि शेजारचा कॅशियर रिकामा बसलेला! आता रांग एक, खिडक्या अनेक. डॉक्टर आपापल्या युनिटचाच राहू दे, पेशंट मात्र जिथे खाट आहे तिथे झोपू दे. डॉक्टरला राऊंडला वीस पावलं जास्त पडतील. पडू देत.

आता थोडं गणित. ओ.आर.च्या पेपरला आपण 'लिटिल्स लॉ' पाठ करून जातो आणि बाहेर येऊन विसरतो. जॉन लिटल यांनी १९६१ साली त्याची सिद्धता दिली. आत असलेली माणसं म्हणजे रोज येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा मुक्काम, बस्स. समजा वॉर्डात ३० खाटा आहेत, रोज ८ पेशंट येतात आणि सरासरी ५ दिवस राहतात. आठ पंचे चाळीस. दहा जण फरशीवर. आता उपचारात काहीही काटछाट न करता फक्त डिस्चार्ज सहा तास आधी दिला, तर मुक्काम पावणेपाच दिवस. पेशंट अडतीस. दोन माणसं फरशीवरून खाटेवर गेली, फक्त घड्याळामुळे!

आणि हे सहा तास खरोखर असेच जातात. सकाळच्या राऊंडला डॉक्टर म्हणतात, "आज घरी जाऊ शकता." पण कार्ड लिहिणारा निवासी डॉक्टर लगेच ओपीडीला पळतो. त्याला दुपारी वेळ मिळतो, तोपर्यंत औषधाची खिडकी बंद. योजनेचे कागद अजून वेगळे. पाच वाजता कार्ड हातात पडतं तेव्हा गावाकडची एस.टी. निघून गेलेली असते, मग तो बरा झालेला माणूस अजून एक रात्र त्याच खाटेवर. बाळंतिणीला निदान २०११ पासून सरकारी गाडी घरी सोडते. दमेकऱ्याने काय करायचं?

अजून एक गोष्ट. आपल्याकडे खाटा शंभर टक्के भरल्या की साहेबांना बरं वाटतं, 'पूर्ण वापर' म्हणे. १९९९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तिघांनी कॉम्प्युटर सिम्युलेशन करून दाखवलं होतं की सरासरी ८५ टक्क्यांच्या वर खाटा भरल्या की अचानक आलेल्या पेशंटला जागा न मिळण्याचा धोका सुरू होतो आणि नव्वदच्या वर तो नेहमीचाच होतो. आपली मोठी सरकारी रुग्णालयं शंभरच्याही पुढे चालतात. आणि ती आलेल्याला 'जागा नाही' म्हणून परत पाठवत नाहीत, याबद्दल त्यांना आपण कधी धन्यवाद दिलेत? खासगीवाले पैसे संपल्यावर किंवा आशा संपल्यावर पाठवतात, तालुक्याचं रुग्णालय भूलतज्ज्ञ नाही म्हणून पाठवतं. निघण्याआधी पुढच्या रुग्णालयाला एक फोन करायचा, तोही होत नाही.

"हे परदेशात ठीक आहे गं," असं माझी रूममेट म्हणाली. पण आपल्याकडे हे झालेलं आहे! जून २०२० मध्ये मुंबई महापालिकेने कोविडच्या खाटा देण्याचं काम एका मध्यवर्ती हेल्पलाइनवरून काढून २४ प्रशासकीय वॉर्डांच्या वॉर रूममध्ये वाटलं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की तिथून फोन येणार, कोणाला खाट हवी, कोणाला ऑक्सिजन, कोण घरी राहू शकतो ते बघणार आणि रिकाम्या खाटांची एकच यादी सगळ्यांसमोर. २०२१ च्या एप्रिलमध्ये तिथेही हाल झालेच, मी काही जाहिरात करत नाहीये. पण रिकामी खाट कुठे आहे हे सांगणारा माणूस फोनवर होता. साथ ओसरली आणि असा माणूस बाकीच्या आजारांसाठीही हवा, ही गोष्ट आपण सोडून दिली. हार्ट अटॅकचा पेशंट काय कमी घाईत असतो?

माझी मागणी म्हणून लहान आहे. प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयात चोवीस तास एक 'खाट-अधिकारी' हवा. तो डॉक्टरच हवा असं नाही, अनुभवी सिस्टर उत्तम. तिला कुठल्याही युनिटची रिकामी खाट देण्याचा अधिकार लेखी असावा. उद्या कोण घरी जाणार याची यादी आज संध्याकाळीच तिच्याकडे यावी. नांदेडसारखं पाचशे खाटांवर हजार पेशंट असतील तर ती जादू करणार नाही, हे मलाही कळतं. पण त्या हजारांतल्या कोणाला आधी खाट मिळायला हवी, हे कोणीतरी विचार करून ठरवेल, दारातून आधी कोण आत आलं यावर ते ठरणार नाही.

आणि आता आपल्याबद्दल. आपल्या कॉम्प्युटर डिपार्टमेंटच्या लायब्ररीत 'हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम' नावाची प्रोजेक्टं मी मोजली, ११ निघाली. सगळ्यांत लॉगिन पेज आहे, सगळ्यांत बिलिंग आहे, एकात तर डॉक्टरांचे वाढदिवससुद्धा आहेत. रिकामी खाट कुठे आहे, हे एकालाही विचारता येत नाही. प्रोजेक्ट करणाऱ्यांपैकी कोणी दुपारी बारा ते पाच एखाद्या वॉर्डात बसून राहिलं असतं तर हे सुचलं असतं. सर्व्हर, अ‍ॅप नंतर बघू, सुरुवातीला फळा आणि खडूही चालेल. पुढच्या सेमिस्टरला मी हाच विषय घेतेय. गाईड सर 'बघू' म्हणालेत. ग्रुपमध्ये दोन जागा रिकाम्या आहेत, लेडीज हॉस्टेलच्या गेटवर निरोप ठेवा.