नोटिशीत सोर्स पोर्ट कुठे आहे?

परभणी तालुक्यातल्या पेडगावसारख्या गावांत फायबरची कनेक्शनं देणाऱ्या वाचकांची पत्रं पुन्हा येऊ लागली आहेत. तक्रार एकच. नोटीस येते, तीत एक पब्लिक आयपी, एक तारीख आणि ‘सदर सोर्स आयपी वापरणाऱ्या ग्राहकाचे नाव तात्काळ कळवावे’. सोर्स पोर्ट नाही. सीजीनॅटमागे त्या एका आयपीवर अख्खी गल्ली बसलेली. नाव कुणाचं कळवायचं? खुलासा धाडला की स्मरणपत्र येतं. मजकूर तोच, वर फक्त ‘अंतिम’चा शिक्का. सर्व्हरवर सोर्स पोर्टही नोंदवा, हे आरएफसी ६३०२ ने २०११ मध्येच सांगितलं होतं. साहेबांच्या टेबलापर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

पण आपलंही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे. ठेवतो, पण कोणते? पाहायला मिळालेल्या एका फाइलीत लॉगचा नियम फॉरवर्ड चेनमध्ये, नव्या कनेक्शनच्या पहिल्या पॅकेटवर. तिथे सोर्स दिसणार १००.६४ चाच, कारण मास्करेड होतो पोस्टराउटिंगला. नोटिशीतला आयपी या फाइलीत जन्मभर शोधा!

डेस्टिनेशनची तीच गत. डीव्हीआरला पोर्ट फॉरवर्ड केलं आणि फॉरवर्ड चेनमध्ये पब्लिक आयपीवर ड्रॉप लावला, तर काउंटर शून्यावरच राहतो. पत्ता प्रीराउटिंगलाच बदललेला असतो. कनेक्शन पीपीपीओईचं आणि इन-इंटरफेस ईथर-१, हे तर रोजचंच. पॅकेट आत येतं पीपीपीओई-आउट-१ मधून. मग वैतागून सगळ्यात वर ‘एनी-एनी ॲक्सेप्ट’ ठोकायचा आणि बिल फाडायचं. (कंपन्याही कमी नाहीत: पालो आल्टोच्या पॉलिसीत पत्ता नॅटपूर्वीचा, झोन मात्र नॅटनंतरचा.)

तेव्हा मंडळी, कामाला लागा. नॅटच्या आधीचा आणि नंतरचा पत्ता, दोन्ही पोर्ट आणि सेकंदापर्यंतची वेळ एकाच ओळीत मिळेल असा लॉग लावा. पोर्टविना आलेल्या नोटिशीला फोनवर उत्तर देऊ नका. सोर्स पोर्ट, डेस्टिनेशन आणि टाइमझोनसह वेळ लेखी मागा, पोच घ्या. ग्राहकांचे तपशील झाकून नोटिशींच्या प्रती महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवा. दूरसंचार विभागाकडे एकत्र निवेदन द्यायचं आहे. आणि ज्यांचे लॉग अजून राउटरच्या मेमरीतच आहेत, त्यांनी आधी सिस्लॉग सर्व्हर बसवा. लाइट गेली की तुमचे १८० दिवस तिथेच संपतात.