मॉरलॉकला कुणी विचारलं?

परवा रात्री वीज गेली होती. ओट्यावर बसलो होतो. अकरावीतल्या भाच्याने नुकतीच एक इंग्रजी कादंबरी संपवली होती. तो म्हणाला, "मामू, वो वापस आया के नहीं?"

कादंबरी होती एच. जी. वेल्स यांची 'द टाइम मशीन', १८९५ सालची. तिचा नायक यंत्रावर बसून ८,०२,७०१ या सालात जातो. तिथे वर उजेडात एलॉय नावाचे नाजूक, फळं खाणारे लोक राहतात आणि जमिनीखाली अंधारात मॉरलॉक. हे मॉरलॉक रात्री वर येऊन एलॉयांना खातात, असा प्रवाशाचा निष्कर्ष. तो परत येतो, मित्रांना हकिगत सांगतो आणि पुन्हा निघून जातो. तीन वर्षं झाली तरी येत नाही. गोष्ट तिथेच थांबते.

दार असं उघडं ठेवल्यावर लोक आत शिरणारच. वेल्स यांच्यानंतर अनेकांनी या गोष्टीचा पुढचा भाग लिहिला. त्यात एक होते व्हिएन्नाचे एगॉन फ्रिडेल. ज्यू घराण्यात जन्मलेले. १९३८ मध्ये नाझी दलाची माणसं त्यांच्या घरी आली, तेव्हा त्यांनी खिडकीतून उडी मारून जीव दिला. त्यांचं पुस्तक १९४६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापलं गेलं.

पण मला बोलायचं आहे ते दुसऱ्या दोन पुस्तकांबद्दल. १९७९ मध्ये के. डब्ल्यू. जीटर यांनी 'मॉरलॉक नाइट' लिहिली. तिच्यात मॉरलॉक प्रवाशाचंच यंत्र वापरून लंडनवर चालून येतात. १९९५ मध्ये, मूळ कादंबरीला शंभर वर्षं झाली तेव्हा, स्टीफन बॅक्स्टर यांची 'द टाइम शिप्स' आली. तिच्यात प्रवाशाला भेटणारा मॉरलॉक विद्वान आहे, शांत आहे आणि पुढे त्याचा सोबती होतो. मूळ गोष्ट एकच. एकाने तिच्यातून आक्रमक काढला, दुसऱ्याने दोस्त.

मग खरं कुणाचं? त्यासाठी मूळ पुस्तक पुन्हा बघावं. प्रवासी त्या काळात जेमतेम आठवडाभर राहिला. जमिनीखाली एकदाच उतरला, तोही काडेपेटीच्या उजेडात, आणि घाबरून वर आला. एकाही मॉरलॉकशी तो बोलला नाही. त्याची सगळी माहिती म्हणजे अंदाज, आणि ते अंदाजही तो पुस्तकभर बदलत राहतो. गंमत बघा, त्यांच्या मांस खाण्याने हादरलेला हा गृहस्थ घरी पोचल्यावर पहिली मागणी करतो ती मटणाची! माणूस खाणाऱ्यांची वकिली मला करायची नाही. पण ज्याला दोषी ठरवायचं, त्याची साक्ष काढायला नको का?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एकांचं दुकान आहे, पंचवीस वर्षांपासून. एकदा त्यांनी मला विचारलं, "भाई, तुमच्याकडे पहाटे तीनला सगळीकडे दिवे कसे लागलेले असतात?" मी म्हटलं, "रमजान आहे, सहरीचा स्वयंपाक चालतो." ते हसले. म्हणाले, "असं होय! मला वाटलं..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. ते काय होतं, मी विचारलं नाही. पण घरी येताना आठवलं, श्रावणात त्यांच्याकडे कानबाई बसते. तिचे रोट घरच्यांनीच का खायचे, हे मीही पंचवीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. काडेपेटीच्या उजेडात बघणारे आपणही आहोत.

डिसेंबर १९३६ मध्ये याच फैजपुरात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष होते पंडित नेहरू. तुरुंगातून मुलीला जगाचा इतिहास सांगताना त्यांनी वेल्स यांच्याच इतिहासग्रंथाचा आधार घेतला होता. पुढारी शहरात बसून खेड्यांविषयी बोलत होतेच. खेड्यात येऊन, बांबूच्या मांडवात बसून बोलणं ही वेगळी गोष्ट होती.

बॅक्स्टर यांच्या कादंबरीत एक विलक्षण कल्पना आहे. प्रवासी दुसऱ्यांदा निघतो, तेव्हा भविष्य आधीसारखं राहिलेलं नसतं. का? तर त्याची हकिगत छापली गेली, लोकांनी वाचली आणि इतिहासाने वळण घेतलं. सांगितलेली गोष्ट पुढचा काळ घडवते. ऐतिहासिक कादंबऱ्या, सिनेमे आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे इतिहास वाचताना हे मला फार खरं वाटतं. आपल्या भूतकाळाचे पुढचे भाग आज धडाधड लिहिले जात आहेत. त्यांत जीटरच्या वाटेने जाणारे पुष्कळ आहेत. त्यांना उत्तर म्हणून आपणही उलटा मॉरलॉक उभा केला, तर भांडण फक्त लांबेल.

वेल्स यांच्या पुस्तकात एलॉयांमधल्या एका मुलीला नाव आहे, वीना. मॉरलॉकांमध्ये कुणालाच नाही. बॅक्स्टर यांनी आपल्या मॉरलॉकला नाव दिलं, नेबोगिफेल. हे नाव वेल्स यांच्याच १८८८ मधल्या एका जुन्या कथेतलं, आणि तिथे ते काळयंत्र बनवणाऱ्या शास्त्रज्ञाचं आहे!

भाच्याला मी एवढंच म्हटलं, "वो आया नहीं, बेटा. पण पुढचे भाग वाचशील तेव्हा एक बघ. दुसऱ्या बाजूच्या एका तरी माणसाला नाव आहे का? आणि त्याला बोलू दिलंय का?"